तपकिरी बाटलीतलं एन्झाइम

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये मामांचा हुद्दा मदतनिसाचा. परीक्षानळ्या धुवायच्या, बर्नरच्या नळ्या तपासायच्या, मुलांनी फोडलेल्या काचा झाडून काढायच्या आणि कुणी फोडल्या ते माहीत असूनही मॅडमना सांगायचं नाही. हुद्द्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त घरी सांगताना त्यांनी तो जरा फुगवला होता. घरी ते ‘एन्झाइम विभाग सांभाळत’. त्यांच्या बायकोने, म्हणजे मामींनी (सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं, तेव्हा आपण त्यांना मामीच म्हणू), एकदा विचारलं होतं की एन्झाइम म्हणजे नेमकं काय. त्यावर मामा म्हणाले होते, “तुला नाही कळायचं.” या वाक्यावर त्यांचा संसार एकतीस वर्षं सुखाने चालला होता, निदान मामांचा तरी.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, “किती बोलतेस.” मामी बोलायच्या हे खरंच आहे. भाजी चिरताना बोलायच्या, चिरून झाल्यावर काय चिरलं ते सांगायच्या. मामी बोलायला लागल्या की मामा उठून रेडिओचा आवाज वाढवायचे. रेडिओवर काय चाललंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. एकदा अर्धा तास त्यांनी समुद्रात जाणाऱ्या बोटींसाठीचा हवामानाचा अंदाज ऐकला होता, आणि समुद्र त्यांच्या घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर होता.

पण लॅबमध्ये मामांना मान होता. तो मान एका प्रॅक्टिकलमुळे होता. स्टार्चच्या पाण्यात आयोडीनचा थेंब पडला की ते निळंकाळं होतं. एन्झाइम घातलं की ते स्टार्च फोडत जातं, आणि सगळं फोडून झालं की आयोडीन निळं होत नाही, आपलं तपकिरीच राहतं. मुलांनी तीन नळ्या घ्यायच्या. एकीत एन्झाइम पूर्ण, दुसरीत अर्धं, तिसरीत पाव. दर अर्ध्या मिनिटाला पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर एकेक थेंब काढून आयोडीनशी तपासायचा, आणि निळं कधी थांबतं ते घड्याळावर बघायचं. एन्झाइम अर्धं केलं की वेळ दुप्पट लागतो, पाव केलं की चौपट. मामांच्या लॅबमध्ये आकडे अगदी ठरलेले असत, दोन मिनिटं, चार मिनिटं, आठ मिनिटं. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

कॉलेजचं शिक्षण मामांचं शून्य, पण हा धडा त्यांच्याइतका कुणालाच कळला नव्हता. भांबावलेल्या मुलामुलींना ते कोपऱ्यात घेऊन सांगायचे, “एक पोतं बटाटे सोलायचेत. दोन माणसं लावलीस तर चार तास. चार लावलीस तर दोन तास. आठ लावलीस तर एक. बटाटे म्हणजे स्टार्च, माणसं म्हणजे एन्झाइम. आता शंभर माणसं लावलीस आणि बटाटे वीसच असले तर? ऐंशी जण नुसते गप्पा मारणार. म्हणून एका हद्दीपलीकडे माणसं वाढवून उपयोग नाही.” हे ऐकून पास झालेल्यांतले काही आता स्वतः शिकवत होते आणि आपल्या वर्गात बटाट्यांचीच गोष्ट सांगत होते.

आता आतली गोष्ट सांगायला हवी. ते एन्झाइम लॅबमध्ये ज्या तपकिरी बाटलीत असायचं, त्या बाटलीत मामांची लाळ असायची.

तुम्ही नाक मुरडाल हे ठाऊक आहे. पण स्टार्च फोडणारं एन्झाइम माणसाच्या लाळेत असतंच, पूर्वी मुलं स्वतःचीच वापरायची. मग मॅडम विभागप्रमुख झाल्या. मॅडमना स्वच्छतेचं फार. त्यांनी फर्मान काढलं की लॅबमध्ये कुणी थुंकणार नाही, एन्झाइमची पावडर विकत आणायची. पावडर मागवली. ती परीक्षा संपल्यावर नऊ दिवसांनी आली. पुढच्या वर्षी वेळेत आली, पण गोदामात उन्हात तापून मेलेली. परीक्षेच्या सकाळी ही मेलेली पावडर हातात धरून मामा आतल्या खोलीत उभे होते आणि बाहेर चाळीस मुलं घड्याळं लावून बसली होती. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, दार लावलं, कोमट पाण्याची चूळ भरली आणि जे करायचं ते केलं. प्रॅक्टिकल असं रंगलं की मॅडम म्हणाल्या, “बघा मामा, पावडरीचा फरक.” त्या दिवसापासून मामांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पावडरीचे डबे दरवर्षी येत राहिले आणि कपाटात न उघडता रांगेने उभे राहिले. परीक्षेआधी मॅडम विचारायच्या, “एन्झाइम शिल्लक आहे ना?” मामा म्हणायचे, “भरपूर आहे, मॅडम.” यात खोटं काहीच नव्हतं.

यंदाची परीक्षा मामांची शेवटची होती. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, आणि निवृत्तीची त्यांना धास्ती बसली होती. घरी बसलेला माणूस काय करतो हे त्यांना माहीत नव्हतं. लॅबमध्ये आपल्यावाचून अडतं, निदान या एका प्रॅक्टिकलला तरी अडतं, यावर त्यांनी सत्तावीस वर्षं मान ताठ ठेवली होती. शेवटचं प्रॅक्टिकलही दोन-चार-आठ झालं पाहिजे, एवढी एकच इच्छा होती. आणि नाही झालं तर मॅडम बाटली उघडून बघणार, चौकशी करणार, आणि झाकली मूठ जाता जाता उघडी पडणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मामांनी नेहमीप्रमाणे बाटली भरायला घेतली, आणि तोंडात काही येईचना. महिन्याभरापूर्वी त्यांना चक्कर आली होती. डॉक्टरांनी रोज एक पिवळी गोळी दिली होती, आणि औषधवाल्याने बजावलं होतं, “तोंडाला कोरड पडेल, पाणी पीत जा.” मामांनी तेव्हा मान हलवली होती. आता त्याचा अर्थ कळला. पाऊण तास खटपट करून बीकरच्या तळाशी जेमतेम चमचाभर जमलं. एरवी यापेक्षा सहापट असायचं. मामांनी स्वतःची समजूत घातली की कामाला तेवढं पुरेल, आणि बाटली नेहमीच्या खुणेपर्यंत पाणी घालून भरली.

चाचणी घेतली. दोन मिनिटांनी थेंब निळा. चार मिनिटांनी निळा. आठ मिनिटांनी निळा. बाराव्या मिनिटाला कुठे रंग थांबला. ही पूर्ण एन्झाइमची नळी. म्हणजे पाव एन्झाइमच्या नळीला अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि प्रॅक्टिकलला वेळ चाळीस मिनिटांचा. बटाटे तेवढेच आणि माणसं सहातली एकच कामावर आलेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मामा स्टुलावर बसले. बसल्या बसल्या त्यांना वाटलं की आपण खरोखर म्हातारे झालो, आणि हे त्यांना फार लागलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मामी शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. मामांचा हात रेडिओकडे गेला नाही. मामींच्या ते लगेच लक्षात आलं.

“काय झालं? गोळी घेतलीत ना?” मामींनी विचारलं.

“गोळीचंच झालंय,” मामा म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बाटली, चूळ, पावडर, सत्तावीस वर्षं. सांगताना ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मामी आयुष्यात प्रथमच मिनिटभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमचा एन्झाइम विभाग म्हणजे थुंकी?”

“लाळ,” मामा म्हणाले.

“आणि हे मला नव्हतं कळायचं.”

मामांनी घड्याळावरून नजर काढली. मग ते म्हणाले, “तुझी देशील का? वाटीभर नको, पाव वाटी पुरे. चूळ भरून, स्वच्छ.”

मामी हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला इतक्या हसल्या. पण दुसऱ्याच्या अडीअडचणीला नाही म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मामा जेवून अंग टाकायला गेले, आणि मामींनी स्वयंपाकघरात एक बाटली भरून ठेवली. सकाळी ती फडक्यात नीट गुंडाळलेली मामांच्या पिशवीत होती.

सात वाजता मामा लॅबमध्ये पोचले. चाचणी घेतली. दोन मिनिटं, निळा. बारा मिनिटं, निळा. वीस मिनिटं झाली तरी निळा, आणि असा ठणठणीत निळा की बाटलीत साधं पाणी असावं. मामांनी कॉलेजच्या फोनवरून घरी फोन लावला.

“बाटलीत तू भरलंस ते काय होतं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगितलंत तेच. आणि पुढे लोकांची लेकरं हात लावणार, म्हणून चांगलं उकळून घेतलं. दहा मिनिटं खळखळ. मग गाळून, गार करून भरलं,” मामी म्हणाल्या. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

मामांनी डोळे मिटले. उकळलं की एन्झाइम मरतं, हे लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते मामींना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, कारण मामींनी ती भिंत कधी पाहिली नव्हती. रागवायला मामांकडे जागाच उरली नाही.

“आहेस तशी निघून ये,” ते म्हणाले. “इथेच करू.”

मामी सव्वाआठला आल्या, ठेवणीतली साडी नेसून. मामांनी त्यांना मागच्या जिन्याने आतल्या खोलीत घेतलं. खोलीत एक बेसिन, एक स्टूल आणि बरण्यांची कपाटं. मामी कपाटाजवळ थांबल्या, आतला एक बेडूक निरखून पाहिला, मग पुढचा पाहिला.

“हे सगळं तुम्ही सांभाळता?” त्यांनी विचारलं.

“मग दुसरं कोण?” मामा म्हणाले आणि त्यांच्या हातात बीकर दिला. “घे. लवकर. पावणेनऊला परीक्षक येतील.”

परीक्षक हा शब्द मामांनी उच्चारायला नको होता. मामी शाळेत असताना तोंडी परीक्षेला चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांनी चूळ भरली, बीकर ओठांशी धरला आणि थांबल्या. काहीच येईना. तोंडचं पाणीच पळालं. दारापलीकडे मॅडमच्या चपलांचा आवाज आला, तेव्हा तर जीभ टाळ्याला चिकटली.

“लिंबाचा विचार कर,” मामा म्हणाले.

“केला.”

“कैरीचा कर.”

“तिचाही केला. मला घरी जायचंय.”

परीक्षक यायला बारा मिनिटं उरली होती. मामांनी घड्याळ पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात एक विचार आला. एकतीस वर्षांत त्यांनी हे तोंड बंद करायचे सगळे उपाय केले होते. ते उघडतं कशाने हेही त्यांना पाठ होतं.

“एक सांगू?” ते म्हणाले. “तू ना, फार बोलतेस.”

मामींनी बीकर खाली घेतला. “मी?”

“आणि तुझी बहीणसुद्धा.”

“माझ्या बहिणीचं नाव काढू नका,” मामी म्हणाल्या, आणि गाडी रुळावर आली. बहिणीने लग्नात काय काय केलं आणि मामांच्या भावाने काय केलं नाही, इथून सुरुवात झाली. मामा त्यांच्या हनुवटीखाली बीकर धरून उभे राहिले. मामी एक तक्रार पूर्ण करत, बीकरमध्ये थुंकत आणि पुढची काढत. गळकं छप्पर झालं. मोडलेला पाळणा झाला. थोरलीच्या बारशाला मामा उशिरा आले होते ते झालं. बीकर पाव भरला.

“आणि मी घरात तोंड उघडलं की तुम्ही रेडिओ मोठा करता,” मामी म्हणाल्या. “समुद्रात लाटा किती उंच आहेत ते तुम्हाला ऐकायचं असतं. मी दिवसभर एकटी असते, संध्याकाळी दोन शब्द बोलते. सत्तावीस वर्षांत एकदा तरी म्हणालात, की चल, माझी लॅब दाखवतो? मी काय तुमचे बेडूक पळवून नेले असते?”

बीकर अर्ध्यावर आला होता. पुरेसा होता. पण मामांनी तो खाली ठेवला नाही. त्यांना शरम वाटली. लॅबमध्ये बायकोला आणलं असतं तर आपण बाटल्या धुतो हे तिला दिसलं असतं, म्हणून आणलं नव्हतं. एवढंच कारण होतं, आणि ते आता सांगण्याजोगंही उरलं नव्हतं.

“चुकलं माझं,” मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. “हे त्याच्यासाठी म्हणताय का?” त्यांनी बीकरकडे बोट केलं.

“ते भरलंय आता. हे वेगळं म्हणतोय.”

मामींनी पदराने तोंड पुसलं आणि स्टुलावर बसल्या.

परीक्षा सुरू व्हायला आता दहा मिनिटंच उरली होती. मामांनी पूर्ण एन्झाइमची नळी लावली आणि पंधरा सेकंदांनी पहिला थेंब काढला. रंग नाहीच. त्यांना वाटलं आयोडीन संपलं असेल. पुन्हा लावली. पंधरा सेकंद, रंग नाही. मामांनी बीकरकडे नव्या आदराने पाहिलं. आयुष्यात इतकं कडक एन्झाइम त्यांनी पाहिलं नव्हतं. पण हे असंच दिलं असतं तर पुन्हा बोंबच होती. मुलं थेंब तपासणार दर अर्ध्या मिनिटाला, आणि इथे पूर्णवाली नळी पंधरा सेकंदांत आणि अर्धीवाली अर्ध्या मिनिटात मोकळी होणार. पहिला थेंब काढेपर्यंत दोन्ही नळ्या आटोपलेल्या, मग फरक कशात दाखवणार?

“दोन मिनिटं म्हणजे एकशे वीस सेकंद,” मामा पुटपुटले. “पंधरा आठे एकशे वीस. आठपट पातळ करायचं. एकाला सात पाणी.”

“माझ्यात सातपट पाणी?” मामींनी विचारलं.

“त्याशिवाय तू पोरांना झेपायची नाहीस,” मामा म्हणाले, आणि मामींना ते आवडलं.

नऊ वाजता तपकिरी बाटली टेबलावर होती. बेचाळीस मुलांनी घड्याळं लावली. परीक्षक वाळकुडे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. तीस वर्षं कॉलेजं फिरून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता, कारण सगळीकडे मुलं आकडे मनाने लिहितात. त्यांनी कुणाचीच वही न बघता स्वतः तीन नळ्या लावल्या. मामा भिंतीला टेकून उभे राहिले. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं आणि त्या फटीत मामींचा एक डोळा होता.

दोन मिनिटांनी पहिल्या नळीचा रंग थांबला. चार मिनिटांनी दुसरीचा. साडेसात मिनिटांनी तिसरीचा थेंब निळा होता, आणि आठ मिनिटांनी तो तपकिरी राहिला. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मॅडम, असं प्रॅक्टिकल मी फार वर्षांनी पाहिलं,” ते म्हणाले. “हे एन्झाइम कुठून मागवता?”

मॅडम खुलल्या. “आमचे मामा बघतात ते. मामा, सांगा ना सरांना.”

कपाटात पंचवीस डबे होते. त्यातला कुठलाही काढून त्यावरचं नाव वाचलं असतं तर मूठ झाकलेलीच राहिली असती. मामांनी कपाटाकडे पाहिलं, मग दाराच्या फटीकडे पाहिलं. मग जाऊन त्यांनी दार पूर्ण उघडलं.

“घरचं आहे, सर,” ते म्हणाले. “सत्तावीस वर्षं माझं होतं. यंदा हिचं आहे. माझ्यापेक्षा आठपट कडक आहे.”

लॅबमध्ये बेचाळीस पेनं थांबली. मॅडमचा हात आपोआप रुमालाकडे गेला. परीक्षकांनी मामींकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि टेबलावरचं पाठ्यपुस्तक उघडून त्या प्रयोगाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. साहित्य, असं लिहिलं होतं, आणि पुढे, स्टार्चचं द्रावण, आयोडीन, ताजी लाळ.

“पुस्तकात हेच आहे,” परीक्षक म्हणाले. “फक्त असं कुणी करत नाही.” आणि त्यांनी अहवालात तसं लिहूनही टाकलं.

मॅडम बराच वेळ डबे मोजत उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “मामा, तुम्ही तर महिनाअखेर जाताय. पुढच्या वर्षी काय करायचं?”

मामा काही बोलणार इतक्यात मामीच पुढे झाल्या. परीक्षकांची भीती एव्हाना चेपली होती.

“मी येईन की,” त्या म्हणाल्या. “पण ह्यांनाही बोलवावं लागेल. समोर हे असल्याशिवाय मला काही सुटत नाही.”

दोघं चालत घरी आले. मामी वाटभर बोलत होत्या, बेडकांबद्दल, मॅडमच्या चपलांबद्दल, आणि पंधरा सेकंद म्हणजे नक्की किती कमी याबद्दल. घरात शिरल्यावर मामांचा हात सवयीने रेडिओकडे गेला. त्यांनी त्यावरची धूळ पुसली, हात मागे घेतला आणि विचारलं, “हं, मग शेजारणीच्या सुनेचं काय झालं?”